शेवटचा आकडा

बाबांच्या साखरेचा रिपोर्ट आला
म्हणून मी लिंक उघडली, इतकंच.
रावपुऱ्यातली लॅब, हिरवं बोधचिन्ह, एक हसरी नर्स,
आणि वर, पत्त्याच्या पट्टीत, अगदी शेवटी
४११७.

सवय वाईट.
दार दिसलं की माझा हात आधी कडीकडे जातो,
कुणाचं आहे ते नंतर.
अलकापुरीतल्या ऑफिसात याचाच पगार घेते मी,
लोकांनी लिहिलेल्या ओळींमध्ये
ते काय लिहायचं विसरले ते शोधायचं.
साताच्या जागी आठ केला.

पासवर्ड नाही, ओटीपी नाही,
कोण पाहिजे, असंही कुणी विचारलं नाही.
इंदुलकर दिगंबर रामराव, वय सदुसष्ट, पुरुष.

आमच्याच जिन्यातले, दुसरा मजला.
सकाळी बाबा आणि ते एकाच रिक्षातून गेले होते,
दोघंही उपाशीपोटी,
रांगेत एकामागे एक.

पहिल्या पानावर सगळं बरं होतं.
दुसऱ्यावर एक ठळक आकडा, त्याच्याशेजारी चांदणी.
चारपर्यंत ठीक, असं कंसात.
एकशे बारा.

४११९ मी उघडला नाही.
तसं नंतर लिहूनही दिलं लॅबला.
खरं तर, गरजच उरली नव्हती.

रात्री रिपोर्ट लिहायला बसले, माझा रिपोर्ट.
पायरी एक: आपल्या नावानं आत जा.
पायरी दोन: शेवटचा आकडा बदला.
तीव्रता: गंभीर.
परिणाम, यापुढे
कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.
खालून इंदुलकरकाकांची शिट्टी ऐकू येत होती,
ते रात्री जिन्यातला दिवा बंद करायला येतात,
कुणी सांगितलेलं नाही, तरी येतात.

दुसऱ्या दिवशी लॅबचे डॉक्टर केयूरभाई फोनवर:
"पण बेन, तुम्ही आत घुसलातच कशाला?"
आत आणि बाहेर यांच्यामध्ये तिथे काही नव्हतंच,
हे मी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं.
ते वकील म्हणाले. पोलीस म्हणाले.
मग थोडं थांबून म्हणाले,
"एटले, माझ्या आईचाही रिपोर्ट दिसतो?"

तीन दिवस लागले त्यांना.
मी रोज एकदा आठ टाकून बघायची
आणि पान उमटायच्या आत डोळे मिटायची,
हे शास्त्रशुद्ध नाही, माहीत आहे.
आमच्या धंद्यात दुरुस्तीला नव्वद दिवस देतात,
मग जगाला सांगायचं.
माणसाला किती द्यायचे
ते कुठल्याच धोरणात लिहिलेलं नाही.
या तीन दिवसांत काका मला चारदा भेटले,
एकदा सेव उसळ घेऊन आले, तर्री वेगळ्या डब्यात,
"तुझ्या बाबांना दाखवू नकोस."
दाखवली नाही.

चौथ्या रात्री पांढऱ्या पानावर एकच ओळ आली:
हा अहवाल पाहण्याची आपल्याला परवानगी नाही.
इतकं देखणं वाक्य मी वर्षभरात वाचलं नव्हतं.
परवानगी नाही.
झोप लागली.

रविवारी सकाळी बेल वाजली.
काका, हातात फोन, चष्मा कपाळावर.
"लॅबवाल्यांनी काही नवीन केलंय म्हणे,
आता नंबर मागतात, मला जमत नाही बुवा.
तू कंप्युटरवाली. काढून दे."

मी माझ्या लॅपटॉपवर त्यांचं पान उघडलं.
त्यांच्या हातातला फोन थरथरला.
हा क्रमांक कुणालाही सांगू नका,
हे वाक्य त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं,
आणि मग क्रमांकही,
दाराशी उभ्यानंच, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असा.
सहा आकडे.

"हळू सांगा," मी म्हणाले,
"एकेक करून."